एका ताऱ्याचा तुलाराम

लाखांदूरच्या बसस्टँडमागे कैलाशचं वेबसाइट बनवण्याचं दुकान आहे. राइस मिल, मंगल कार्यालय, नाटक कंपनी, ज्याला हवी त्याला तो वेबसाइट करून देतो. लग्नानंतर बायकोला, रीताला, हे काम त्यानेच शिकवलं आणि चारचौघांत ते सांगायला तो कधी विसरला नाही.

पुढे दोघांनाही प्लगइन करण्याचा नाद लागला. वेबसाइटच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचे हे छोटे प्रोग्राम. दोघं ते बनवून जगाला फुकट देत. कैलाशच्या प्लगइनमध्ये काय नव्हतं? घड्याळ, हवामान, हलणारी फुलं! रीताचं नुसते फोटो दाखवायचं, पण रडक्या नेटवर्कवरही भराभर. झालं. रीताचं प्लगइन कुठल्या कुठल्या देशांतले लोक वापरू लागले. कैलाशचं वापरत होता तो एकटा त्याचा साळा मुन्ना, तोही भिडेखातर.

कैलाशच्या पोटात दुखू लागलं. फुकटच्या वस्तूला मिळून मिळणार काय, तर आभार, आणि त्याला नेमके तेच हवे होते. रीता चहा पिता पिता लोकांचे आभार मोठ्याने वाचायची आणि ह्याला तो चहा कडू लागायचा.

"शिकवलं कोनं तुले?" तो विचारायचा.

"तुमीच तं," म्हणून ती पुढचं वाचायला घ्यायची. हे 'तुमीच तं' त्याला फार झोंबायचं.

शेवटी हिच्या कामात खोट काढायचीच असं त्याने ठरवलं. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून हा पठ्ठ्या तिच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचू लागला. एवढं मन लावून त्याने स्वतःचं कामही कधी तपासलं नव्हतं. एकदा कोंढ्याला जाताना एसटीत तो तिच्या प्लगइनमधले फोटो उघडून बसला. भाताच्या बांध्यांमधून जाताना नेटवर्क तुटलं, परत आलं, आणि अर्ध्यावर आलेले फोटो उडी मारून पुन्हा पहिल्यावर गेले. सापडलं! तिथेच 'तुलाराम' असं खोटं नाव घेऊन त्याने पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली सविस्तर लिहिलं, काय बिघडतं आणि कोणत्या ओळीमुळे. त्या आनंदात कोंढा कधी आलं ते त्याला कळलं नाही.

आता रीता रडेल, असा त्याचा हिशोब. ती रडली नाही. मान खाली घालून बसली, बिघाड दुरुस्त केला, नवी आवृत्ती सोडली आणि तिच्यासोबत लिहिलं, 'तुलारामजींचे मनापासून आभार.' मग वापरणारेही तुलारामला धन्यवाद देऊ लागले. ज्या आभारांसाठी कैलाशने जीव टाकला होता, ते असे भलत्याच नावावर गेले.

"अजी," रीता म्हणाली, "हा तुलाराम कोन हाय, मालूम नाही. पन मानूस लय बारीक पाहते. मी त्याले लिहून राहिली, माझ्यासंगं काम करा म्हणून. दोघायचं नाव टाकू."

"काहून? मी मेलो का?"

"तुमी माझं काम कधी उघडून तरी पाहिलं का?"

पाहिलं म्हणावं, तर तो एक तारा कोणी दिला ते उघडं पडणार. पण खरं दुखणं वेगळंच होतं. आपल्या बायकोने परक्या माणसाचं एवढं कौतुक करावं! तुलाराम म्हणजे आपणच, हे पक्कं ठाऊक असूनही कैलाशचा त्या तुलारामवर असा जळफळाट झाला की विचारू नका. तिचा निरोप फोनवर येताच तो दुकानामागे गेला आणि उत्तर ठोकून दिलं, 'मला वेळ नाही. पुन्हा लिहू नका.'

संध्याकाळी रीताने ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवला.

"काय म्हनते तुझा तुलाराम?" कैलाशने हसू दाबत विचारलं.

"नाही म्हनते." ती चहा गाळू लागली. "जाऊ द्या. आभार तं लय लोकायनं मानले जी. पन माझं काम पुरं वाचनारा तेवढा एकच होता."