बारवेच्या भिंतीवरलं नाव

आमचे मालक दगडकाम करतेत. त्यांचं नाव मी घेत नव्हते. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. चाळीस वर्सं झाली, "आवं" न्हाईतर "बजरंगचे बाप" म्हणून हाक मारत आले.

गावाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांची जुनी बारव हाय. बाया उन्हाळाभर तिथलंच पाणी भरतेत. सगळा काळा दगड, मधी चुना न्हाई का माती न्हाई. एकाला खाच, दुसऱ्याला खुंटी, असे एकमेकांत बसवलेले. सांध्यातून पाणी झिरपत राहायचं. आठ वर्सांमागं आमच्या गावचे पुढारी अर्जुनराव म्हणले, "सटवा, सांधे उघडे दिसतेत. सिमिट भर, जरा बरं दिसंल." यांनी भरलं. अन् मी लई शहाणी! म्हणलं, आवं, ओलं हाय तवर खिळ्यानं नाव कोरा. मला घेता येत न्हाई, भिंतीवर तरी राहू द्या. यांनी सगळ्यात खालच्या सांध्यावर कोरलं.

औंदा पाऊस लई झाला अन् भिंतीला पोट आलं, मधनं फुगली. मालकांनी हातोडी वाजवून बघितली. चांगल्या भिंतीचा दगड खणखणतो, हा बद्द वाजला. त्यांचं तोंडच उतरलं.

"सारजे, मागं पाणी तुंबलंय. जुन्या लोकांनी पाण्याला वाट म्हणून सांधे कोरडे ठेवलते. मी मूर्खानं बूच मारलं."

अर्जुनराव जेसीबी लावून भिंत पाडायची म्हणत होते. हे हटून बसले, "दोन दिस द्या. मी बुजवलं, मीच फोडीन." खाली दुसऱ्या कुणाला उतरू देईनात, पोटच्या बजरंगला बी न्हाई. भिंत आली तर एकट्यावर यावी म्हणे! मी म्हणलं, "आवं, अन् मी काय करू मागं? दगड फोडू?" पण ऐकतंय कोण.

यांनी कमरेला दोर बांधला. एक टोक वर लिंबाच्या झाडाला, तिथं बजरंग. मधला दोर माझ्या हातात. झटका आला की समजायचं, ठीक हाय. हातोडी थांबली की मी काठावरून वाकून बघायचे. वरून खाली एकेक सांधा मोकळा करायचा, म्हंजी पाणी हळूहळू निघंल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिशी धार निघाली, गढूळ. दुसऱ्या दिशी दुपारपस्तोर भिंत पाझरायला लागली, पण पोट तसंच.

खालून आवाज आला, "सारजे, एकच राहिला. नावाचा."

"मग फोडा की! कावून थांबलाव?"

"तुझ्या हौसेचं हाय, म्हणून इचारलं."

जीव टांगणीला लागलाय अन् म्हाताऱ्याला माझी हौस सुचती! अशी चीड आली मला. "फोडा म्हणते ना!" मी वरडले.

तीन घाव ऐकले. चौथ्याला दगड कराकरा घासल्यागत आवाज झाला, अन् मग पाण्याचा लोंढा. सगळी बारव घुमली. दोर एकदम सैल पडला. मी वढला, तर खालून झटका येईना. बजरंगनं वढला, तरी बी न्हाई. आवं म्हणलं, बजरंगचे बाप म्हणलं. खाली नुसतं पाणी वाजत होतं.

मग तोंडातून कसं आलं, देवाला ठाऊक. "सटवा! ए सटवा!"

काठावरच्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. बघू देत मेल्या. मी पुन्यांदा वरडले.

दोराला झटका बसला.

"हाय, हाय," खालून खोकल्यासंगं आवाज आला. "भिंत बी हाय."

वर आले ते चिखलानं माखलेले, गुडघा फुटलेला. मी आधी दंडावर दोन चापट्या मारल्या, मग रडले. अर्जुनराव खाली वाकून भिंत बघत होते.

"नाव गेलं बघ, सारजे," मालक म्हणले.

पदरानं त्यांचं तोंड पुसता पुसता मी म्हणलं, "जाऊ द्या. आता मला तोंडानं घेता येतंय."