‘नाही’ म्हणजे कुठं नाही?

ह्या जगात ‘नाही’ ह्या शब्दावर काडीचाही विश्वास न ठेवणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्यात आम्ही दोघं चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात नोकरीला. मी माल रवाना करण्याच्या खात्यात, ते कॉम्प्युटर सेक्शनला. म्हणजे घरीही थोरले आणि ऑफिसातही थोरले. एकाच माणसाचं इतकं थोरलेपण एका जन्मात कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण माझ्या आलं. मी त्यांना साडभाऊ म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात, आणि ‘पाव्हणं’ ऐकलं की पाठोपाठ एखादा अडचणीचा प्रश्न येणार हे मी समजून असतो.

साडभाऊंचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र आपण कधी काय केलं ते स्वतःच लिहून ठेवत असतं. त्या नोंदींना लॉग म्हणतात. कुठे काही बिघडलं, की त्या ढिगातून नेमकी ओळ शोधून काढायची. ती सापडली तर त्यात साडभाऊंना काही गोडी वाटत नाही. त्यांची कळी खुलते ती पडद्यावर ‘काहीही सापडले नाही’ असं उमटल्यावर. बाकीचे लोक अशा वेळी उठून चहाला जातात. साडभाऊ खुर्ची पुढे ओढतात. “कुठं शोधलं? कधीचं शोधलं? काय म्हणून शोधलं? अन् ते बघायची परवानगी तरी हाय का तुम्हाला?” ह्या चार प्रश्नांनी त्यांनी भलेभले इंजिनिअर रडकुंडीला आणले आहेत. बरं, हे ऑफिसात ठेवावं तर तसं नाही. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरात म्हणावं, “कोथिंबीर संपली,” की हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, “संपली, का फ्रीजच्या वरच्याच कप्प्यात बघितलं?” आणि दुर्दैव असं की निम्म्या वेळा ती खालच्या कप्प्यात निघते.

त्यांची आणखी एक खोड आहे. जे शोधायचं ते कधीच आधी शोधायचं नाही. आधी जे असणारच ते मागून बघायचं, म्हणजे शोधणारा जागा आहे की नाही ते कळतं. कॉम्प्युटरवर ही रीत शहाणपणाची असेल, पण गुलमंडीच्या बाजारात तिचा तमाशा होतो. एकदा दिवाळीच्या तोंडावर खसखस घ्यायला मला बरोबर नेलं. दुकानदार मोबाइलवर क्रिकेट बघत बसला होता. साडभाऊंनी विचारलं, “साखर आहे का?” त्यानं मान वर न करता सांगितलं, “नहीं है.” आणि हे सांगताना तो साखरेच्या पोत्यावर बसलेला होता. साडभाऊ माझ्याकडे वळले. असा कृतार्थ चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता. “पाव्हणं, आता ह्यानं खसखस नाय म्हटलं तर खरं धरायचं का? ह्यानं शोधलंच नाय.” खसखस अर्थातच होती. तेव्हापासून तो दुकानदार साडभाऊंना लांबून बघितलं की स्वतःच सांगतो, “शक्कर भी है, नमक भी है. अब बोलो, असल में क्या होना?”

माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमेना तेव्हा आमच्या आईनं एक दिवस हात टेकले. “जगात पोरीच राहिल्या नाहीत,” असं ती म्हणाली, आणि तिच्या दुर्दैवानं साडभाऊ समोर पोहे खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि आईकडून सगळ्या अटी वदवून घेतल्या. पोरगी उंच हवी, गोरी हवी, नोकरीवाली हवी पण नोकरीचा तोरा नको, शहरातली हवी पण भाकरी थापणारी हवी. “मावशी,” साडभाऊ अदबीनं म्हणाले, “इतक्या चाळण्या एकावर एक ठेवल्यावर खाली काय पडणार? एकेक काढा अन् बघा.” आई दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मग तिनं कुणाला न सांगता गोरेपणाची चाळणी काढली आणि पंधरवड्यात एक मुलगी पसंत पडली. आज तीच सून आईची लाडकी आहे. साडभाऊंना मात्र आई अजून जेमतेमच वाढते.

पण साडभाऊंचा खरा पराक्रम म्हणजे पेढ्यांचा. कारखान्यात नवं यंत्र बसवलं होतं. मोठे साहेब पहिल्या दिवशी दर तासाला त्याच्या लॉगमध्ये मागच्या तासाच्या तक्रारी शोधायला लावायचे आणि दर वेळी एकही सापडायची नाही. संध्याकाळी साहेबांनी पेढे मागवले. सगळ्यांनी तोंडात टाकले, साडभाऊ तेवढे पेढा हातात धरून उभे. “काय हो, गोड नाही चालत?” साहेबांनी विचारलं. साडभाऊ म्हणाले, “सर, नवी चप्पल बी दोन दिवस चावती. ह्यानं एकदाबी कुरकुर नाय केली?” शेवटी निघालं काय, तर त्या यंत्राचं घड्याळ लंडनच्या वेळेवर होतं. इथे चार वाजले की तिथे साडेदहा. बिचारं यंत्र इमानदारीनं सगळी रडगाणी लिहीत होतं, फक्त साडेपाच तास मागे. आणि आम्ही ती आमच्या वेळेत शोधत होतो. साडभाऊंनी आख्खा दिवस उलगडून शोधलं तेव्हा तक्रारींनी पडदा भरून गेला. साहेबांचं तोंड पडलं. साडभाऊंनी मग शांतपणे आपला पेढा खाल्ला.

ह्या सगळ्याची मी घरोघरी नक्कल करत असे आणि लोक पोट धरून हसत. साडभाऊही हसत. मग मागच्या साली आमचे सासरे हरवले.

सासऱ्यांना दोन मुलीच. मुली त्यांना आप्पा म्हणतात, आम्ही जावई मामा म्हणतो. त्यांनी उभं आयुष्य पडेगावात काढलं, गोदामात हमाली केली, पण पोरी शिकल्याच पाहिजेत ह्या एका गोष्टीवर हटून बसले. ताई त्यांच्या घराण्यातल्या पहिल्या पदवीधर. सासूबाई गेल्यावर ताईंनी त्यांना चिकलठाण्याला आपल्याकडे आणलं, आणि हळूहळू मामांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. कधीकधी ते ताईंनाच ‘बाई’ म्हणत, तेही परक्या बाईला म्हणावं तसं मान देऊन. ताई हसून साजरं करत आणि स्वयंपाकघरात जाऊन रडत. “बापाच्या लेखी मी राहिलेच नाही,” असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी दुपारी मामा घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. मी स्कूटरवरून विहार बघितलं, सलून बघितलं, पानटपरी, दवाखाना, नाक्यावरचा बाक, सगळं पालथं घातलं. साडभाऊ कारखान्यातून धावत आले. मी म्हणालो, “कुठंच नाहीत.” बोलून गेलो आणि जीभ चावली. पण त्यांनी नेहमीसारखं मला फैलावर घेतलं नाही. पायरीवर बसलेल्या ताईंच्या शेजारी ते टेकले.

“ही सगळी आत्ताची ठिकाणं झाली,” ते म्हणाले. “मामांचं घड्याळ मागं पडलंय. सकाळधरनं काय बोलत होते?”

“काय नाही. पाच वाजले का, पाच वाजले का, एवढंच.”

“पाचला काय असायचं? आत्ता नाय, तू लहान असताना.”

ताई पायरीवरून उठून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, “शाळा सुटायची माझी.”

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडेगावाजवळच्या छावणीतली ती मुलींची शाळा अजून तिथेच आहे. आम्ही दोन स्कूटरींवरून पोचलो तेव्हा पाचाला थोडाच अवकाश होता. फाटकासमोर व्हॅनवाल्यांच्या आणि मुलींच्या आयांच्या घोळक्यात मामा उभे होते. स्वच्छ दाढी केलेली, आणि सायकलवाले खोचतात तसा पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला. सायकल मात्र कुठेच नव्हती. ताई धावत गेल्या. “आप्पा, घरी चला.”

मामांनी त्यांच्याकडे सौजन्यानं पाहिलं. “तुम्ही बी लेकीला न्यायला आल्या का बाई? आता सुटंल. माझी सातवीत हाय. तिला घेतल्याबिगर कसा येऊ?”

ताई आमच्याकडे परत आल्या. “बघितलं ना,” एवढंच कसंबसं म्हणाल्या. “विसरले मला.”

“विसरले?” साडभाऊ म्हणाले. “अगं, शहर ओलांडून कुणाला घ्यायला आलेत ते?”

मग ते फाटकावरच्या शिपाईमावशींकडे गेले. आधी काहीतरी यंत्रांच्या वेळेबद्दल सांगू लागले. मावशींच्या चेहऱ्यावरून त्यांना काही उमगल्याचं दिसेना. शेवटी त्यांनी नुसतं मामांच्या मोज्याकडे बोट दाखवलं. मावशींनी वाकून पाहिलं. “माझी माय बी अशीच होती,” त्या म्हणाल्या आणि बाजूचं दार उघडून ताईंना आत घेतलं. साडभाऊ मामांशी उगाच उन्हाच्या गोष्टी करत त्यांची पाठ फाटकाकडे राहील असे उभे राहिले.

घंटा झाली. निळ्या गणवेशातल्या मुलींचा लोंढा बाहेर आला आणि त्यात मध्येच, खांद्याला पर्स, डोळ्यांना चष्मा, केस निम्मे पांढरे, अशा आमच्या ताई चालत आल्या. मामा वळले.

“लई येळ लावला गं माय,” मामा म्हणाले. “दे ते दप्तर इकडं.” त्यांनी ताईंची पर्स आपल्या खांद्याला अडकवली, त्यांचा हात धरला आणि रहदारीकडची बाजू स्वतः घेऊन चालू लागले. ताई काहीबाही सांगू लागल्या, मामा माना डोलवू लागले.

मी स्कूटरला किल्ली लावली तशी साडभाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“राहू द्या, पाव्हणं,” ते म्हणाले. “त्या सालात आपण दोघं नाय अजून. जरा मागंच चालू.”

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पण त्या संध्याकाळी छावणीच्या रस्त्यानं बापलेक पुढे बोलत चालले होते, आणि आम्ही दोघं जावई आपापल्या बंद स्कूटरी ढकलत त्यांच्या मागून चाललो होतो.