वहिनींचं होमस्कूलिंग, माझं डांबून ठेवणं

“पोरीले घरी कायले डांबून ठेवलं, बाई? कामाले लावलं का?”

गुरुजींनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात मीच केलेला चहा होता. शाळेत न जाणारी मुलं शोधत ते गावभर फिरत होते. तसेच या मोठ्या घरात आले. इथं मी स्वयंपाक करते. माझी दहा वर्षांची पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भागाकार करत होती.

जरा आधी त्यांनी घरच्या सूनबाईंना, वहिनींना, असंच विचारलं होतं. म्हणजे अशा शब्दांत नाही. वहिनी पुण्याच्या. त्यांचीही दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, त्या घरीच शिकवतात.

गुरुजी त्यांना म्हणाले, “वा, होमस्कूलिंग! काहीच अडचण नाही, ताई. मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा देऊ द्या, झालं.”

मी ऐकत होते आणि जळत होते. खोटं कशाला बोलू? त्या मुलांच्या टेबलावर जळले, भिंतीवरच्या नकाशांवर जळले. सगळ्यात जास्त त्या ‘ताई’वर.

बारावी मीही झालेय. शिकवते मीही. कारण शाळेत खराटा फक्त आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरींच्या हाती येतो. संडासही त्यांनीच धुवायचा. दुसरीपासून धुतला माझ्या लेकीनं. यंदा मी तिला घरी बसवलं.

“मी घरी शिकवतो तिले,” मी म्हणाले.

“भांडे घासता घासता?” गुरुजी हसले. वहिनीही हसल्या, तोंडावर हात धरून. या घरात मी पुष्कळ गिळलंय. हे नाही गिळलं.

“मलेही सांगा ना मंग परीक्षेचं. कुठं जा लागते?”

“तुमच्यासाठी शाळा हाय ना.”

“आन् वहिनीच्या लेकरायसाठी नाही का? त्यायच्या हाती द्या ना खराटा.”

गुरुजींनी कप खाली ठेवला. वहिनी आत निघून गेल्या.

सोमवारी मी तालुक्याला, कारंज्याला जाणार आहे, परीक्षेचं विचारायला. तिथं हाकललं तर जिल्ह्याला, वाशीमला. वहिनींची मुलं ज्या खोलीत पेपरला बसतील, त्याच खोलीत माझी पोरगी बसेल, त्यांच्या पुढच्या बाकावर. तोवर माझी जळजळ थांबायची नाही, आणि मला ती थांबवायचीही नाही.

खराटा मारायला ती शाळेत जाणार नाही. न्यायला येऊन तर बघा, गुरुजी. दारात मी उभी आहे.