सर्व्हरले आराम पाहिजे

"कोणी बटण बंद केलं तर?" या एका काळजीनं माझी झोप उडाली होती. मलकापूरच्या आमच्या कॉलेजात दमदार मशीन एकच, सर्व्हर. तसलं घरी घेणं ना पोरांना परवडतं, ना आम्हा शिकवणाऱ्यांना. म्हणून सगळ्यांची कामं त्याच्यावरच रांगेत लागतात. एका मशीनवर अख्खं कॉलेज म्हटल्यावर किस्से साचणारच!

*

हिवाळ्यात सर्व्हरमागून आंबूस वास यायला लागला. वाकून पाहते तर झाकण लावलेला स्टीलचा डबा! भूगोलाचे सर लाजले. "मॅडम, थंडीत घरी दही लागूनच नाही राह्यलं. इथं कसं मस्त गरम हाय!"

मी खडसावायला तोंड उघडलं, तर सरांनी चमचा पुढे केला. दही इतकं घट्ट लागलं होतं, की मीच दुसरा चमचा मागितला!

*

रांगेतल्या प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. एका पोरानं दिलं, 'तातडीचं'. दुसऱ्यानं, 'अति तातडीचं'. तिसरा बेरकी निघाला: 'प्राचार्यांचं काम'. ते काम मागे सरकवायला कोणी हातच लावेना! आठवडाभरात सगळी रांग प्राचार्यांची. त्यात एक काम माझंही!

एक दिवस प्राचार्य स्वतः आले. स्क्रीनकडे बघत राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "मी एवढं काम करून राह्यलो?"

माझी चार वर्षांची ओवी तेव्हा टेबलाखाली चित्रं काढत बसली होती. (पाळणाघर नाही, म्हणून टेबल!) पोरं हसली, तशी तीही हसली.

*

आणि मग आली खंडेनवमी. माझ्या पीएचडीचा, बोंडअळीच्या अंदाजाचा प्रोग्रॅम कितीतरी दिवस चालू होता. मध्येच थांबला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि दसरा झाला की गाईडसमोर सेमिनार!

शिपाई गजाननकाका झेंडूचा हार घेऊन हजर. "मॅडम, बंद करा. पूजा हाय."

"काका, माझं काम चालू आहे ना!"

"पोळ्याले बैल जुंपते का कोणी? याले बी आराम पाहिजे."

"उद्या देऊ आराम!"

"उद्या तर दसराच हाय!"

आता प्राचार्यच वाचवतील म्हणून मी निघाले. जाताना ओवीला बटणाला पाठ टेकवून बसवलं. "हलायचं नाही इथून." जिन्यात वाटलं, चार वर्षांच्या लेकीवर पीएचडी सोपवून पळणारी आई जगात मी एकटीच असेन.

प्राचार्यांना घेऊन परतले, तर काका विनवण्या करत होते. "ऊठ न माय, चॉकलेट देतो तुले." शेवटी त्यांनी तिला उचलायला हात पुढे केले, तशी ओवी किंचाळली,

"मले हात नोका लावू! मी प्राचार्यांचं काम हाय!"