जागेपणी निवडलेला ढीग

लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांत माजिदाबीचा उजवा हात म्हणजे हातच. तोंड मालनबाईशी गप्पा मारत असायचं आणि हात आपला मोठा कांदा इकडे, बारकी गोल्टी तिकडे, जोड कांदा मागे, असा चालत राहायचा. त्याच्याकडे बघायचीही गरज नसायची. नवरा गेल्यावर लेकीला, झेबाला, याच हातानं वाढवलं.

एके दिवशी त्याच हाताची बोटं आपली आपणच नाचायला लागली. कांदा सुटला, घरंगळत गेला.

“कुणाचं लग्न निघालं गं? हात बघ कसा नाचतोय!” मालनबाई म्हणाली.

माजिदाबी घाबरली, पण ते नंतर. आधी ती हाताकडे बघतच बसली. शेजारचं पोर आपल्या घरात येऊन डबे उघडायला लागलं की बघावं, तसं.

असं पुन्हापुन्हा व्हायला लागलं, तेव्हा झेबानं तिला नाशिकला नेलं. दुखणं हाताचं, पण तिथं फोटो काढला डोक्याचा. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. डाव्या बाजूला गाठ होती.

“हात उजवा अन् गाठ डावीकडं कशी?”

“उजव्या हाताच्या दोऱ्या डाव्या मेंदूतून हलतात, माजिदाबी.”

“असं उलटं कुणी बांधलं?”

“अम्मी, गप ना,” झेबा कुजबुजली.

“बांधणाऱ्याला विचारावं लागेल,” डॉक्टर हसले.

“केवढी हाय?”

डॉक्टरांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं.

“गोल्टी म्हणा की.”

मग त्यांनी नीट समजावलं. गाठ हळूहळू वाढणारी आहे, पण हात हलवणाऱ्या जागेला चिकटून बसलीय. काढताना धक्का लागला तर हात कायमचा जाईल. म्हणून मधल्या कामात माजिदाबीला जागं ठेवायचं आणि तिचा हात चालता ठेवायचा. हात चालतोय तोवर डॉक्टर पुढे जाणार.

“अन् मी बोंबलले तर?”

“कातडीला भूल देऊ. मेंदूला स्वतःला दुखत नाही.”

“सगळ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं, अन् त्याचं त्यालाच दुखत नाय?” माजिदाबीनं जरा विचार केला. “मुकादमच हाय की मग!”

हाताला सराव देणाऱ्या ललिता मॅडमनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कांद्यांऐवजी निवडायला रबरी चेंडू आणले. सगळे सारखे. माजिदाबीनं उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. “यात निवडायचं काय?” मॅडमनी संध्याकाळपर्यंत लहानमोठे चेंडू शोधले, आणि दोन-दोन चिकटवून जोडही केले.

ऑपरेशनच्या खोलीत जाग आली तेव्हा डोकं घट्ट धरलेलं, वर हिरवं कापड, आणि त्याखालून ललिता मॅडमचं तोंड तेवढं दिसत होतं. बोटांना चेंडू लागले. हात सुरू झाला. मोठा इकडे, गोल्टी तिकडे, जोड मागे. आपलं डोकं उघडं आहे आणि आपण कांदे निवडतोय, याचं तिला हसू आलं, पण हसायची चोरी!

मध्येच हात थांबला.

डॉक्टरांचा हातही थांबला. “माजिदाबी, काय झालं? हात हलत नाही का?”

“ढीग संपला.”

“बाजूला दुसरा ठेवलाय की!” ललिता मॅडम म्हणाल्या.

“मुकादमानं हाक मारल्याबिगर दुसऱ्या ढिगाला हात लावायचा नसतो.”

कापडापलीकडे कुणीतरी मोठा श्वास सोडला. “घ्या माजिदाबी, दुसरा घ्या!” डॉक्टरांनीच हाक मारली, अगदी मुकादमाच्या सुरात.

पण बऱ्याच वेळानं हात पुन्हा थांबला. चेंडू मुठीत होता, कुठे टाकायचा तेही माहीत होतं.

“आता नाय संपला ढीग,” ती घाईनं म्हणाली. “मी सोडतेय, पर तो सोडत नाय.”

डॉक्टरांनी हत्यार बाजूला घेतलं. सगळे त्या मुठीकडे बघत राहिले. ती हळूहळू सैल झाली आणि चेंडू पडला. “बस,” डॉक्टर म्हणाले. “इथून पुढे जायचं नाही.”

हात राहिला. काही दिवस जड होता, गोळ्या चालू राहिल्या, ललिता मॅडमनी दटावून दटावून मूठ वळवून घेतली. पण गाठीचा बारीकसा तुकडाही आत राहिला. तो काढायचा तर हात द्यावा लागला असता.

माजिदाबी खळ्यावर परत आली तेव्हा मालनबाईनं आधी तिच्या डोक्याचा रुमाल वर करून टाक्यांचे वण पाहिले, मग विचारलं, “सगळी काढली ना?”

“थोडी ठेवली.”

“ठेवली? अगं, एक सडका राहिला तर कांद्याची अख्खी चाळ नासते, तूच सांगत असतीस!”

“म्हणून चाळ पेटवून देतो का आपण? रोज आत डोकं घालून वास घेतो, बघतो. तसं मला बी दर खेपेला नाशिकला जाऊन त्या फोटोच्या मशीनमधी डोकं घालायचंय. वाढली की कळंल.”

“अन् भ्या नाय वाटत?”

“वाटतंय की. पर आत काय चाललंय ते बघायला बी आवडतंय. झेबाला सांगितलंय, फोटो मला बी दाखवायचा.”

मालनबाई काही बोलणार तोच मुकादमानं हाक मारली. माजिदाबीनं नव्या ढिगात हात घातला. पहिलाच कांदा जोड निघाला. न बघता तिनं तो मागे टाकला, आणि मग मान वळवून, बरोबर पडला का ते बघून घेतलं.