डब्यातलं तेल

"अगं, डब्यातलं तेल कुठं गेलं?"

"जॅकला लावलं. कुरकुरत होता मेला. का, प्यायचं होतं तुम्हाला?"

पंक्चरवाल्याने आधी जीपचं इंजिन बंद केलं, मग कपाळावर हात मारला.

जीपच्या बॉनेटखाली त्याचं पोट होतं. कधीकाळी कुणा साहेबाची गाडी गार करणारा एसीचा कॉम्प्रेसर आता हवा भरायचा. एसीत असताना तेल गॅसबरोबर फिरून घरी यायचं. हवेबरोबर मात्र ते निघून जायचं. म्हणून वाटेत एक बाटली बसवलेली. तीत अडकलेलं तेल संध्याकाळी डब्यात काढायचं, रात्रभर पाणी खाली बसू द्यायचं, सकाळी वरचं तेल परत कॉम्प्रेसरला पाजायचं. आज सकाळी डबा रिकामा दिसला आणि या गड्याला वाटलं, आपण आधीच पाजून बसलो.

वाटणारच. माणूस अर्धा इथं, अर्धा कुठंतरी. आताही, बायकोला तेल विचारायच्या आधी, ट्रकच्या चाकात हवा जात होती आणि हा मडगार्डला टेकून मनाने तिच्यामागे निघाला होता. न पाहिलेले घाट, नदीवरचे पूल, आणि आपली हवा त्यांवरून घरंगळत चाललीय. घूंऽऽ आवाज बारीक होत गेला, गोड होत गेला. कॉम्प्रेसर एरवी असा गोड कधी वाजायचा नाही; त्या गोडव्यानेच जाग आली. पाइपापुढे तळवा धरला तर कोरडा ठणठणीत, तेलाचा ओशटपणाच नाही; म्हणून तर डब्याचं विचारलं.

"मामा, उशीर झाला तर मालक माझी हवा काढेल," ट्रकचा ड्रायव्हर सावलीतून म्हणाला.

"काढू दे. भरून देतो."

बोलला खरा, पण कॉम्प्रेसर आतून अडकला असेल तर उद्यापासून घरात बसून माश्या मारायच्या. लोखंड निवेपर्यंत बायको फडक्याने वारा घालत राहिली, तापलेल्या लेकराला घालावा तसा. त्याने नवं तेल ओतलं आणि कॉम्प्रेसरच्या पुलीपुढची चकती हाताने फिरवायला धरली. हलेना. जरा थांबून पुन्हा जोर लावला. करकरली, आणि मग जड जड, झोपेतून उठल्यासारखी फिरली.

"जॅकवरचं खरवडून देऊ का?" बायकोने विचारलं.

"राहू दे. तो तरी गप्प बसलाय."

इंजिन सुरू झालं. आवाज जाडाभरडा, ओबडधोबड. कानाला बरा वाटला. पंक्चरवाल्याने पाइप चाकाला लावला, आणि या खेपेला मडगार्डला न टेकता उभा राहिला.