परवानगीचा रंग

एकोणीसशे साठच्या आसपास दिग्रसच्या किराणा दुकानांत पुड्यातली बिस्किटं दिसू लागली आणि आमच्या घरी संकट आलं. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने नारिंगी क्रीमचं बिस्कीट खाल्लं की तासाभरात अंगावर गांधी उठत, ओठ सुजत. एकदा तर तिला श्वास घेता येईना. यवतमाळ येईपर्यंत मी बसमध्ये देवाशी भांडत होते. तिथले डॉक्टर म्हणाले, "कुठला तरी रंग बाधतो हिला. तो टाळा." कुठला, ते त्यांनाही सांगता येईना. हळदीने तिला काही होत नव्हतं, एवढंच मला ठाऊक.

मग मी पुडे वाचायला लागले. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी होतं, त्याचा तोराही होता. बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: परवानगी असलेला रंग वापरला आहे. दुकानदाराला विचारलं, कुठला?

"सरकारनं परवानगी देली हाय ना बाई, मंग कायले भेता?"

माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याला लिहिलं, तिकडचे डबे आण, ते लोक सगळं नावनिशीवार लिहीत असतील. सुट्टीत आला तो विलायतेची कस्टर्ड पावडर आणि अमेरिकेची जेली घेऊन. आपल्या बिस्किटांशेजारी मी ते पाटावर मांडले. विलायतेच्या डब्यावर, खाण्यास योग्य रंग. अमेरिकेच्या खोक्यावर, प्रमाणित रंग. आणि आपला तो परवानगीचा. रंगाचं नाव तिघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणारे! संताप असा आला की कुणावर काढावा तेच कळेना. भाऊ बिचारा आपणच चूक केल्यासारखा मान खाली घालून बसला. शेवटी मी तिन्ही वस्तू फडताळात सर्वांत वर ठेवून दिल्या.

परवानगी हा शब्द आमच्या घरात रोजचाच. यांच्या तहसील कचेरीत साहेबांच्या परवानगीशिवाय पान हलत नसे, आणि रजेचे अर्ज माझे यजमान घरी बसूनच लिहीत. लेकीने आमचं बोलणं ऐकून आपला अर्थ लावून घेतला होता. तो मला कळला शेजारच्या बारशात. तिथे मुलांना तीच बिस्किटं वाटत होते. तिने एक घेतलं, पण तोंडात घातलं नाही. ते तसंच धरून माझ्यापाशी आली.

"आई, या सगळ्यायले परवानगी हाय. मले कवा भेटन?"

मी तिच्या हातातून बिस्कीट काढून घेतलं. ती रडली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "बाबायनं अर्ज लिहून देला तं भेटन का?"

अर्ज लिहायचा तरी कुणाच्या नावाने!